फायनलची कॅसेट

अक्काचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन उपड्या घालत होते. हात ओले, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. बरी आहेस का वगैरे काही न विचारता ती म्हणाली, "आपली फायनल घावली."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. आमचे खेळाचे सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कडेगावात त्यांच्या सुनेनं कपाट आवरायला काढलं, तर वरच्या फळीवर बक्षिसांच्या कपांमागं एक व्हिडिओ कॅसेट निघाली. वर सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: खो-खो, मुली, अंतिम सामना, सांगली. आमच्या संघातली गावात राहिलेली अक्का एकटीच, म्हणून त्या बाईंनी कॅसेट तिच्याकडं पोचती केली.

मी हातातली नळी खाली ठेवली. ठेवली नसती तर फुटली असती.

अक्का आमची कॅप्टन. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, गावातच दिलेली, आजही शेतातला ऊस स्वतः बघते. कारखान्याच्या टोळीशी बोलताना तिचा आवाज दोन शेतं ओलांडून जातो. मी साताऱ्यात असते, कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. आमचं वरचेवर बोलणं होई, पण त्या सामन्याचा विषय आम्ही दोघीही टाळायचो. त्याला कारण होतं.

तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तो शेवटचा डाव मला पाठ आहे. समोरचा संघ पाठलाग करत होता, आम्ही पळत होतो. आम्ही एका गुणानं पुढं. चाळीस सेकंद उरले होते. आमच्या तिघींच्या तुकडीतल्या दोघी बाद झालेल्या, त्यातली एक अक्का, आणि मी एकटी आत. चाळीस सेकंद काढले की जिंकलो. कडेच्या रेषेजवळ मी मागं वाकून एका पोरीचा हात चुकवला आणि पंचांनी शिट्टी मारली. माझे दोन्ही पाय मैदानाबाहेर गेले म्हणून मी बाद. बरोबरी झाली. मग जादा डाव झाला आणि त्यात आम्ही एका गुणानं हरलो.

माझ्या मागच्या पायाची बोटं रेषेवर होती, असं मी तेव्हा रडून सांगितलं. अक्का पंचांच्या अंगावर धावून गेली, माझ्या बाजूनं कडाकडा भांडली. पंचांनी तिला ताकीद दिली, सरांनी सगळ्यांदेखत झापलं. पुढं जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली नाही. त्या भांडणामुळंच झाली नाही, आणि भांडण माझ्यामुळं झालं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. नंतर महिनाभर मी सरावालाच गेले नाही. पाय मात्र आतच होता. लग्नानंतर मी हे नवऱ्याला सांगितलं, कॉलेजातल्या खेळणाऱ्या मुलींना सांगितलं, सांगताना उठून वाकूनसुद्धा दाखवलं.

आणि आता त्याचं चित्रण अक्काच्या घरात पडून होतं. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी लग्नाचं शूटिंग करणारा एक माणूस बोलावला होता, ते मला त्या फोननंतर आठवलं.

कॅसेट मिळाली, पण लावायची कशावर? साताऱ्यात चार दुकानं फिरले. एका दुकानदारानं व्हीसीआर हा शब्द ऐकून आतल्या माणसाला गंमत सांगावी तशी हाक मारली. शेवटी धाकटीनं मार्ग काढला. धाकटी म्हणजे संघातली सगळ्यात लहान मुलगी, तेव्हा आठवीत होती. आता सांगलीत शिवणकामाचे वर्ग चालवते, तरी आम्हाला ती धाकटीच. तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिकनं आपला व्हीसीआर अजून जपून ठेवला होता. त्यांनी तो उघडला, आतलं फीत वाचणारं हेड साफ केलं आणि वर आणखी एक कॅसेट दिली, कुणाच्या तरी लग्नाची. आधी ही लावून बघा, म्हणाले. मशीनच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय तुमची एकुलती एक कॅसेट आत घालू नका.

रविवारी दहाच्या सुमाराला दोघी साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्या. धाकटीनं सांगलीपासून व्हीसीआर चादरीत गुंडाळून मांडीवर आणला होता. अक्का कराडात तिच्या गाडीत चढली होती. तिनं कॅसेट काखेतल्या पिशवीत घातली होती आणि पिशवीवर हात. माझे यजमान फौजेत सिग्नलमध्ये होते, निवृत्त होऊन आले त्याला पाच वर्षं झाली. घरात कुठंही वायर दिसली की त्यांच्या हातांना चैन पडत नाही. त्यांनी सकाळपासून टेस्टर, पक्कड आणि चिकटपट्टी मांडूनच ठेवली होती.

व्हीसीआर टीव्हीच्या बरोबर खाली, बुटक्या स्टुलावर ठेवला. सोबत अँटेनाची वायर होती, ती टीव्हीच्या मागच्या भोकात घातली. यजमानांनी चॅनेल शोधायला लावलं. पडदा निळा, मग काळा, मग खरखर, आणि एकदम घोड्यावर बसलेला एक नवरदेव.

धाकटीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अनोळखी माणसाची वरात बघून इतका आनंद आम्हाला कधी झाला नव्हता.

पण नवरदेव हलत होता. घोड्यामुळं नव्हे. सगळ्या पडद्यावरून तिरक्या, बारीक लाटा सरकत होत्या. पाटाच्या वाहत्या पाण्यातून तळ बघावा तसं चित्र दिसत होतं. रंगही नीट नव्हता. आवाज तेवढा स्वच्छ, बँडबाजा खणखणीत.

यजमानांनी लगेच सेट टॉप बॉक्स बंद केला, वायफायची डबी काढली आणि अँटेनाची वायर पिळून दुसरीकडून घेतली, सगळं एका दमात. चित्र सुधारलं. दोन मिनिटांनी पुन्हा बिघडलं. कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं, कुणालाच सांगता येईना.

मी त्यांना थांबवलं. प्रयोगशाळेत मुलांना मी रोज हेच सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. एक जुनी वही काढली. बॉक्स चालू, लाटा पूर्ण. बॉक्स बंद, लाटा निम्म्या. वायफाय बंद, फरक नाही. यजमान माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जशी फौजेत ते वरच्या साहेबांकडं बघत असतील. पण पुढचं प्रत्येक बटण दाबण्याआधी त्यांनी मला विचारलं, हे मात्र खरं.

लाटा निम्म्यावर अडल्या. धाकटीनं मेकॅनिकना फोन लावला. ते म्हणाले, अँटेनाची वायर हवेतलं बरंवाईट सगळं ओढून घेते, तिचा नाद सोडा. पिवळ्या-पांढऱ्या पिनांची केबल आणा आणि तिच्यातून चित्र घाला. यजमान स्कूटर काढून गेले आणि वीस मिनिटांत केबल घेऊन आले. आता टीव्हीला पिवळं भोकच नाही! नव्या टीव्हीच्या मागं इअरफोनसारखं एक बारकं गोल छिद्र होतं. त्याला लागणारी जोडणी टीव्हीच्या खोक्यात तशीच न उघडलेली होती. आम्ही टीव्हीचं खोकं माळ्यावर ठेवलं होतं म्हणून वाचलो.

केबल लागली आणि लाटा गेल्या. एकदम गेल्या. नवरदेवाचा फेटा गुलाबी निघाला. अक्का म्हणाली, पोरगं देखणं हाय, आता ते आजोबा झालं असंल.

तेवढ्यात पडद्याच्या खालून एक रुंद काळपट पट्टा वर चढायला लागला. त्याच्यामागं दुसरा. दोन्ही हळूहळू वर जायचे, नाहीसे व्हायचे आणि पुन्हा खालून यायचे. नवरीच्या तोंडावर पट्टा आला की ती काळवंडायची.

आता मला खरोखर चेव आला. भूक नव्हती, पाठ दुखत नव्हती. गुडघ्यावर बसून मी वायरींचा माग काढत होते. टीव्ही एका बोर्डवर होता, व्हीसीआर खिडकीजवळच्या दुसऱ्या बोर्डवर. यजमान म्हणाले, दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की असा गुणगुणाट वायरीतून आत शिरतो, छावणीत असताना त्यांनी हे पुष्कळदा पाहिलंय. दोन्ही एका बोर्डवर आणले. पट्टे फिके झाले, पण गेले नाहीत. वहीत लिहिलं. मग माझं लक्ष गच्चीवरून डिशकडून येणाऱ्या केबलकडं गेलं. बॉक्स बंद होता, पण केबल तशीच अडकवलेली होती, आणि बॉक्स टीव्हीला. मी ती बॉक्समधून उपटली.

पट्टे गेले. मी पुन्हा लावली, पट्टे आले. पुन्हा उपटली, गेले. मी ओरडले नाही, पण वहीत इतक्या जोरानं रेघ मारली की पान फाटलं.

मग अक्काचा धीर सुटला. चित्रात खालच्या बाजूला अजून पांढरे ठिपके उडत होते, मूठभर ज्वारी उधळावी तसे. ते घालवून मग आपली लावू, असं मी म्हणत होते. ती म्हणाली, "ते ठिपकं असू देत. मला आता थांबवत न्हाई." तिनं पिशवीतून कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली.

आत घातली. खटक. घरघर. आणि सांगलीचं मैदान.

आम्ही तिघी एकदम पुढं सरकलो. फक्कीच्या रेषा, दोन खांब, मंडपाचं पिवळं कापड. आमच्या निळ्या चड्ड्या आणि पांढरे सदरे. धाकटीच्या दोन वेण्या. सर, शिट्टी गळ्यात, जिवंत, चालताना एक पाय जरा ओढत. मग एकेकीला ओळखणं सुरू झालं. ही कोण, ती पाटणला दिली ती, आणि ही बघ, हिला आता नात झाली. यजमानांनी मला चटकन ओळखलं. इतकी काटकुळी होतीस, म्हणाले.

मी कॅसेट पुढं पळवली. शेवटचा डाव. एकेक गडी बाद होतोय. अक्का बाद झाली, कंबरेवर हात ठेवून रेषेबाहेर उभी राहिली. मी एकटी आत. मी आता पळणार, वाकणार, आणि...

पांढरे ठिपके. सगळा पडदा भरून. ठिपके निवळले तेव्हा पंचांचा हात वर होता.

मागं घेतली. पुन्हा लावली. नेमक्या त्याच जागी ठिपके. धाकटी हळूच म्हणाली, फीत तिथंच झिजली असेल, सरांनी तेवढंच सारखं सारखं बघितलं असेल. पण एक गोष्ट मला पटेना. ठिपके त्या लग्नाच्या कॅसेटमध्येही होते. फीत झिजली असेल तर ठिपके दर वेळी त्याच जागी यायला हवेत. दोनदा आले, पण दोनदा येणं योगायोगही असू शकतो. मी तिसऱ्यांदा मागं घेतली. या वेळी ठिपके आधीच येऊन गेले, आणि पंचांचा हात वर जाताना पुन्हा आले.

म्हणजे फीत चांगली होती. दोष घरात होता. मी पुन्हा वही ओढली. पंखा बंद केला, फरक नाही. ट्यूब बंद, नाही. शेजारच्या वहिनींना मिक्सर थांबवायला सांगून आले, त्यांचा मिक्सर चालूच नव्हता. यजमान फ्रिजच्या मागं गेले.

अक्काचा एक गुडघा दुमडत नाही. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून तिनं पाय पसरला, तर स्टूल आडवं यायला लागलं. ती यजमानांना म्हणाली, "दाजी, ह्ये खोकं जरा तिकडं सरकवा की."

मी कॅसेट थांबवली. यजमानांनी व्हीसीआर उचलून केबल पुरेल तितक्या लांब, भिंतीशी नेऊन ठेवला. मी परत चालू केली.

ठिपके नाहीत. एकसुद्धा नाही.

मी कॅसेट थांबवून व्हीसीआर पुन्हा टीव्हीखाली ठेवायला लावला. ठिपके. लांब. स्वच्छ. तीनदा करून बघितलं. मेकॅनिकना फोन केला तर ते पलीकडून हसत होते. फितीवरचं चित्र म्हणजे अगदी क्षीण आवाजात सांगितलेली गोष्ट, ते म्हणाले, आणि तुमचा नवा टीव्ही शेजारी बसून कुजबुजतोय. त्यांना लांब बसवा, एवढंच. सकाळपासून आम्ही डिश, बोर्ड, पंखा सगळं पालथं घातलं, आणि शेवटचं उत्तर अक्काच्या गुडघ्यानं दिलं.

आता मी मागं घेतली. यजमान बसले. धाकटीनं माझा दंड धरला.

पडद्यावरची ती काटकुळी मुलगी रेषेकडं पळत आली. पाठलाग करणारी तिच्या मागं. मुलगी मागं वाकली, हात चुकला, सुंदर चुकला, आणि तिचा मागचा पाय पडला. फक्कीच्या रेषेपलीकडं. फक्कीची अख्खी रेषा तिच्या टाचेच्या आणि बोटांच्या पुढं स्वच्छ दिसत होती. दुसरा पाय हवेत, म्हणजे आत एकही टेकलेला नव्हता.

मी चित्र थांबवून ठेवलं. कान गरम झाले. इतक्या मुलींना मी वाकून दाखवलं होतं.

"बाहेर होता," मी म्हणाले.

"व्हय. चांगला ईतभर," अक्का म्हणाली.

"तुला तेव्हा दिसलं होतं?"

"मी रेघंलाच हुबी हुते की."

"मग भांडलीस कशाला?"

तिनं मला चित्र पुढं सोडायला सांगितलं. पंचांसमोर ती हातवारे करत होती. मी बाजूला तोंड झाकून रडत होते. त्या दिवसाचं मला एवढंच ठाऊक होतं. अक्कानं उठून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं धाकटी जमिनीवर पडली होती आणि दोन मुली तिची पोटरी चोळत होत्या.

"हिच्या पोटरीत गोळा आला हुता," अक्का म्हणाली. "फुडच्या तुकडीत ही. तिला हुबं ऱ्हाता येईना. लगीच आत गेली असती तर चाळीस सेकंद काय, धा बी काढली नसती. म्हटलं, पंचाला जरा बोलण्यात गुतवावं."

धाकटी माझ्यापेक्षा जास्त चकित झाली. तिला वाटत होतं अक्का खरंच चिडली होती. पडद्यावर ती लंगडत उठली, आत गेली आणि शिट्टी होईपर्यंत कुणाच्या हाताला लागली नाही. तिनंच सामना जादा डावात नेला होता. तिनं डोळे पुसले आणि ते डोळ्यांत काहीतरी गेल्यावर पुसतात तसे पुसले.

मग मी इतकी वर्षं अडकून पडलेली गोष्ट विचारली. जिल्ह्याच्या निवडीचं काय? माझ्यामुळं तुझं नाव गेलं ना?

जादा डावात तिनं खांबाजवळ झेप घेतली तेव्हा गुडघा मुरगळला होता, अक्का म्हणाली. निवडीला गेली होती, पण तिला पळताच आलं नाही. त्यात पंचांचाही संबंध नव्हता आणि माझा तर नव्हताच. मी महिनाभर सरावाला आले असते तर मला हे तेव्हाच कळलं असतं. हे तिनं रागानं नाही सांगितलं, पण सांगितलं.

मला काय वाटलं ते नीट मांडता येत नाही. शरम वाटली, आणि तिच्याहून मोठं काहीतरी हलकं झालं. मी हसायला लागले. मग तिघीही हसलो, इतक्या की यजमान चहा टाकायला आत गेले.

चहा होईपर्यंत धाकटीनं कॅसेट अगदी सुरुवातीपर्यंत मागं नेली. पहिल्यापासून बघू, म्हणाली, आपण नुसतं शेवटचंच बघत बसलोय. पहिल्या डावातला आमचा पाठलाग संपला आणि पळायची पाळी आली. आम्ही पळत होतो. पहिल्याच तुकडीत मी. दोघी लवकर बाद झाल्या आणि मी एकटी उरले. आणि ती काटकुळी मुलगी पळत राहिली. खांबाला वळसा, दोन बसलेल्या मुलींच्या मधून, पाठीवर हात येता येता खाली बसणं आणि उलट्या दिशेनं सुटणं. प्रेक्षकांचा आवाज वाढत गेला. सर कडेला उभे राहून काहीतरी ओरडत होते. अक्का सेकंद मोजायला लागली, तेव्हाही मोजले असतील तसे.

ही मी? मला यातलं काहीच आठवत नव्हतं. शेवटच्या एका पावलापायी हा सगळा डाव माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. मी आणखी पुढं सरकले. यजमान चहाचे कप घेऊन दारातच थांबले.

"तीन मिनटं झाली," अक्का म्हणाली, "अजून पळतीया बघ."